बनी बू अलीच्या वाटेवर

(आपल्या मंचाच्या मस्कत येथील मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे. सभासदांनी आपली मते नेहमीप्रमाणे ई-मेलने कळवावीत. – संपादक)



आजच्या भाषणाला कारण झाले ते एक पोस्टर. येत्या हिवाळ्यात आपण सूर आणि जालान भागात दोन दिवसांची सहल काढणार आहोत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. सूरचे गलबतांचे कारखाने, रास अल जिंझची कासवे आणि परतीच्या वाटेवर जालान बनी बू अली हे गाव, असा बेत आहे. बनी बू अलीला मुंबईच्या फौजेची दोनशे वर्षांपूर्वी लढाई झाली होती, ही माहिती मीच कधीतरी गप्पांत दिली. आठ दिवसांत माझ्याकडे पोस्टर आले : 'आपल्या वीरांच्या पावलांवर – अरबस्तानातील मराठी शौर्याची गाथा'. वर भगव्या रंगात दोन तलवारी.

ज्यांनी ते केले त्यांनी हौसेने आणि मनापासून केले, यात शंका नाही. पण मी समितीला विनंती केली की पोस्टर लावण्याआधी मला अर्धा तास बोलू द्या. मी इतिहासकार नाही. पाण्याच्या पाइपलाइनींची गणिते करणारा अभियंता आहे आणि बावीस वर्षे या देशात राहतो आहे. सुट्टीच्या दिवशी जुनी रणांगणे, किल्ले आणि दफनभूमी पाहत हिंडणे हा माझा छंद. त्या छंदात मी स्वतः जी चूक केली, ती आधी सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी खरीफच्या दिवसांत सलालाची वारी केलेली आहे. जून ते सप्टेंबर तिथे रिमझिम असते, डोंगर हिरवे होतात आणि आपल्याला कोकण आठवते. आम्हीही गेलो होतो. सलालाहून पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटरवर मिरबात हे समुद्रकाठचे गाव आहे. १९ जुलै १९७२ रोजी, असेच धुके पडलेले असताना, पहाटे तिथे मोठी चकमक झाली. धोफारच्या डोंगरातून आलेल्या काहीशे बंडखोरांनी गावावर हल्ला केला. गावात ब्रिटिश एसएएसचे नऊ जण होते आणि त्यांच्या जोडीला मोजके स्थानिक सैनिक. तालायासी लाबालाबा नावाच्या फिजी बेटांवरच्या सार्जंटने पंचवीस पौंडी तोफ जवळजवळ एकट्याने चालवली आणि तो तिथेच मारला गेला. ही गोष्ट मी मुलाला रंगवून सांगत होतो. तो तेव्हा चौदा वर्षांचा. ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, यात आपण कोणाच्या बाजूचे?"

मी म्हटले, "आपण कुठे होतो इथे! आपण आपले पाहुणे. आपण नुसते बघायचे."

हे उत्तर चुकीचे होते. मिरबातपुरते ते बरोबर असेल, पण ओमानपुरते साफ चूक. आपण इथे होतो, आणि हातात बंदूक घेऊन होतो.

ओमानमधली रणांगणे

आधी या देशात पाहण्यासारखे काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे कळेल.

तनूफ हे नाव आपण रोज वाचतो, कारण पाण्याच्या बाटलीवर ते असते. निझवाजवळचे तनूफ हे जुने गाव १९५०च्या दशकातल्या जबल अखदरच्या युद्धात ब्रिटिश विमानांच्या बाँबहल्ल्यांनी मोडले. मातीच्या भिंतींचे अवशेष अजून उभे आहेत. शेजारच्या वादीत आपण सहली काढतो, बार्बेक्यू करतो. तिथून वर जबल अखदरच्या सैक पठारावर १९५८ साली कोसळलेल्या ब्रिटिश व्हेनम विमानाचे तुकडे आणि त्याच्या वैमानिकाची कबर आहे. खाली ज्या घरांवर बाँब पडले त्या घरांतल्या माणसांची नावे आपल्याला कोणी सांगत नाही. वरचा वैमानिक मात्र नावासकट आहे. मी हे वैमानिकाच्या विरोधात म्हणत नाही. तोही कोणाचा तरी मुलगा होता. पण प्रवाशाच्या वाटेवर कोणाला दगड मिळतो आणि कोणाला नाही, हे पाहायची सवय मला तिथे लागली.

जुन्या मस्कतजवळ समुद्राकडूनच जाता येते अशी एक छोटी खाडी आहे. तिथे ख्रिस्ती दफनभूमी आहे. ब्रिटिश खलाशी तिथे पुरलेले आहेत. लाहोरचे पहिले बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच १८९१ साली मस्कतला वारले, त्यांचीही कबर तिथेच. बोटीने गेलात तर शांत जागा आहे, जरूर पाहा.

आणि आता आपल्या अगदी दाराशी. रुवीत आपण पंचवीस-पंचवीस वर्षे भाजी घेतो, चेक भरतो, ट्रॅफिकला शिव्या देतो. तिथला पांढरा बैत अल फलज किल्ला म्हणजे १९८८ पासून सुलतानी सैन्यदलांचे संग्रहालय. आपल्यापैकी किती जण आत गेले आहेत? ११ जानेवारी १९१५ रोजी इमामाच्या बाजूच्या सुमारे तीन हजार लोकांनी मस्कत घेण्यासाठी याच ठिकाणी हल्ला केला. त्यांना परतवले ते सुमारे सातशे हिंदी शिपायांनी. १०२ वी ग्रेनेडियर्स आणि ९५ वी रसेल्स इन्फंट्री अशा त्या पलटणी. एक मुळात मुंबई सैन्याची, दुसरी हैदराबाद कंटिंजंटमधून आलेली. सुलतानाची गादी त्या दिवशी हिंदी शिपायांनी राखली.

म्हणजे रुवीत आपल्या देशाची माणसे बँकेत, बांधकामावर आणि दवाखान्यात नोकरीला येण्याच्या कितीतरी आधी बंदूक घेऊन आली होती. पण त्याहीपूर्वी, जवळजवळ शंभर वर्षे आधी, बनी बू अली.

१८२० आणि १८२१

१८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रज मुंबईतून समुद्राकडे वळायला मोकळे झाले. १८१९च्या डिसेंबरात मुंबईच्या फौजेने रास अल खैमा घेतले आणि १८२०च्या जानेवारीत आखाती शेखांशी तह झाला. त्या तहात एक कलम असे आहे की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून किंवा इतर कुठूनही माणसे पळवून गुलाम म्हणून नेणे ही चाचेगिरी समजली जाईल. हे कलम ज्याच्या आग्रहाने आले तो कॅप्टन टॉमस पेरोनेट थॉम्सन. अरबी जाणणारा, गुलामगिरीचा कट्टर विरोधक, आधी सिएरा लिओनचा गव्हर्नर राहिलेला, पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात जहाल सुधारक म्हणून गाजलेला. आपल्या मंचाने व्याख्यानाला बोलावले असते असा माणूस.

याच माणसाने त्याच वर्षी बनी बू अलीवर चाल केली.

कारण असे दिले गेले की त्या टोळीच्या अश्खरा बंदरातले लोक गलबते लुटतात. थॉम्सनने जाब विचारणारे पत्र पाठवले. पत्र घेऊन गेलेल्या माणसाला किनाऱ्यावर ठार मारण्यात आले. मस्कतचे सुलतान सैद बिन सुलतान यांचे या टोळीशी आधीपासूनच वैर होते आणि ते इंग्रजांचे मित्र. दोघांची फौज सूरहून निघून वाळवंटातून गावापर्यंत पोचली. गावकरी बोलणी करायला तयार होते, पण शस्त्रे खाली ठेवण्याची अट त्यांना मान्य नव्हती. ९ नोव्हेंबर १८२० रोजी ते तलवारी घेऊन खजुराच्या बागांतून सरळ शिपायांच्या रांगेवर धावून आले. रांग मोडली. थॉम्सनच्या तुकडीतले निम्म्याहून अधिक लोक मारले गेले. सुलतानांच्याही हाताला गोळी लागली. इंग्रजी वर्णनांत शिपाई बिचकले, संगिनी घेऊन पुढे गेले नाहीत, असे लिहिलेले आढळते. थॉम्सनवर पुढे लष्करी न्यायालयात खटला चालला आणि अपुरी फौज घेऊन अविचाराने मोहीम काढल्याबद्दल त्याला ठपका मिळाला.

मुंबई सरकारला हा पराभव सोसणारा नव्हता. मेजर जनरल लायोनेल स्मिथ यांच्या हाताखाली गोरे आणि हिंदी मिळून सुमारे तीन हजारांची फौज मुंबईहून सूरला उतरली. २ मार्च १८२१ रोजी पुन्हा लढाई झाली. या वेळी तोफा पुरेशा होत्या. टोळीचे लोक पूर्वीसारखेच तलवारी घेऊन धावले आणि तोफांपुढे कापले गेले. गावाची तटबंदी पाडण्यात आली. उरलेल्या लढवय्यांना कैद करून मुंबईला नेले. तिथे सुमारे दोन वर्षे ठेवून, पुढे गाव पुन्हा बांधायला पैसे देऊन, परत पाठवले.

मुंबई सैन्याच्या पलटणींना पुढे 'बेनी बू अली' हा युद्धसन्मान मिळाला. पुण्याजवळ खडकीला ज्यांचे केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्सच्या सन्मानांत हे नाव आहे. खडकीवरून आपण लोकलने किती वेळा गेलो असू! ओमानमधल्या एका गावाचे नाव तिथे नोंदलेले आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

शिपाई कोण होते?

त्या काळच्या मुंबई सैन्यात कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, अलिबागकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायल होते, आणि उत्तरेकडून आलेले 'परदेशी'ही होते. तेव्हा 'मराठी शौर्य' हा शब्द वापरताना आपण नेमके कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, याचा विचार करावा लागेल. हे लोक मराठी राज्यासाठी लढत नव्हते. ते राज्य बुडवणाऱ्या कंपनीचे ते नोकर होते. पोटासाठी आलेले, पगारी, हुकमाचे ताबेदार. ते आखात ओलांडून का आले, याचे उत्तर आपल्याला अवघड जाऊ नये. आपणही त्याच कारणाने आलो.

आता एक तुलना. बनी बू अलीची दुसरी लढाई १८२१च्या मार्चमधली. त्याच महिन्यात पुण्याजवळ भीमा कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी झाली. १ जानेवारी १८१८च्या लढाईतल्या कंपनीच्या मृतांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. इंग्रजांनी स्तंभ उभारला तो स्वतःच्या विजयासाठी. पण १८९०च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले. पुढे दरवर्षी लाखो लोक जाऊ लागले. ते कंपनीचा जयजयकार करायला जात नाहीत. ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते त्यांची नावे दगडावर आहेत, म्हणून जातात. दगड इंग्रजांचा, पण अर्थ वंशजांनी दिला. आणि हे शक्य झाले, कारण नावे लिहिलेली होती.

बनी बू अलीच्या वाळूत पडले ते त्याच सैन्यातले, त्याच गावांतून आलेले लोक. तिथे मला असा एकही दगड दिसला नाही.

पुढच्या शतकातही हे फार बदलले नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये मेलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक झाले, त्यावर सुमारे चाळीस हजार मृतांची नोंद आहे. कुतच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणी याच आघाडीवरच्या. त्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे : अमुक एक अधिकारी आणि इतर इतके. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. आफ्रिका आणि आशियातले किमान एक लाख सोळा हजार मृत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा अजिबातच नोंदले गेले नाहीत, असे त्या अहवालात म्हटले आहे.

मी गेलो तेव्हा

तीन वर्षांपूर्वी मी बनी बू अलीला पहिल्यांदा गेलो. माझ्या खात्यातले एक ज्येष्ठ सहकारी तिथले. ते निवृत्त झाले होते आणि "एकदा घरी या" असे बरीच वर्षे म्हणत होते. मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने सूर, तिथून दक्षिणेला. बावन्न घुमटांची जुनी मशीद पाहिली, मातीचा किल्ला पाहिला, फलजचे पाणी खजुरांतून वाहताना पाहिले. मग त्यांच्या मजलिसमध्ये बसलो. कहवा आला, खजूर आले, हलवा आला. त्यांच्या वडील भावांनी विचारले, "तुम्ही हिंदुस्थानात कुठले?"

मी म्हटले, "मुंबईकडचा."

ते हसले. म्हणाले, "मग आपली जुनी ओळख आहे."

सगळेच हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले. मी म्हटले की मला त्या लढाईबद्दल थोडे माहीत आहे. तेव्हा त्यांनी आपल्या घराण्यातल्या, त्या लढाईत पडलेल्या एका पूर्वजाचे नाव सांगितले. बापाच्या नावासकट, आजाच्या नावासकट. मग अगदी सहज विचारले, "तुमच्याकडचे कोण मेले?"

माझ्याजवळ एकही नाव नव्हते. थॉम्सनचे नाव मला माहीत होते, स्मिथचे होते. सातारा, रत्नागिरी, अलिबाग, कुठून कुठून आलेल्या त्या शेकडो लोकांपैकी एकाचेही नाव मी त्या मजलिसमध्ये सांगू शकलो नाही. मी गप्प बसलो. त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

नंतर मला जेम्स वेलस्टेडची आठवण झाली. हा मुंबई सरकारच्या आरमारातला अधिकारी १८३५ साली, म्हणजे लढाईनंतर अवघ्या चौदा वर्षांनी, प्रवासी म्हणून या गावात गेला. ज्यांचे गाव आपल्याच सरकारने पाडले त्यांच्यात जाताना त्याला धास्ती होती. गावाने त्याचे जंगी स्वागत केले, नाच करून दाखवला. हे सगळे त्याने १८३८च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. रणांगण पाहायला जाणाऱ्याला तिथल्या लोकांनी घरात घेणे, ही या गावाची जुनी रीत आहे. पाहुण्याने कसे वागायचे, हे मात्र पाहुण्याकडेच राहते.

माझी सूचना

परवा समितीत एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "अहो, मग अभिमान बाळगायचाच नाही का? आणि नाही बाळगायचा तर जायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की जायचे, नक्की जायचे. त्या शिपायांच्या हालअपेष्टा, वाळवंटातली चाल, घरापासून इतक्या लांब आलेले मरण, याची कदर आपण केली नाही तर कोण करणार? पण ते ज्या गावावर चालून गेले, ते गाव अजून तिथेच आहे. तिथल्या लोकांनी आपल्याला कहवा पाजायचा आणि आपण त्यांच्या अंगणात 'शौर्यगाथा' असे लिहिलेले टी-शर्ट घालून फोटो काढायचे, हे मला तरी शोभणारे वाटत नाही. कोणी खडकीच्या किंवा कोरेगावच्या परिसरात येऊन आपल्याच आजोबांच्या पराभवाचे पोस्टर लावले तर आपल्याला कसे वाटेल?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. पोस्टरवर फक्त एवढे लिहावे : 'जालान बनी बू अली, ९ नोव्हेंबर १८२० आणि २ मार्च १८२१'. तलवारी काढाव्यात. गावात जाण्याआधी माझ्या सहकाऱ्यांमार्फत निरोप द्यावा, शुक्रवारच्या नमाजाची वेळ टाळावी, घरांचे आणि बायकामुलांचे फोटो काढू नयेत. दोन्ही लढायांची हकिगत बसमध्ये मुलांना सांगावी, पण ती सबंध सांगावी. शिपायांची आणि गावाचीही.

आणखी एक काम आहे, ते जास्त कष्टाचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत पलटणीत गेलेल्या पूर्वजांच्या आठवणी आहेत. कोणाकडे जुनी सनद असेल, पेन्शनचा कागद असेल, आजीने सांगितलेले एखादे नाव असेल. सुट्टीत गावी जाल तेव्हा विचारा, लिहून घ्या, मंचाकडे पाठवा. मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या काळातली लष्करी दप्तरे आहेत. आपल्यातले कोणी निवृत्तीनंतर तिथे बसले, तर कदाचित दोन-चार नावे हाती लागतील. तेवढी घेऊन मला त्या मजलिसमध्ये पुन्हा जायचे आहे.

मुलगा आता कॉलेजात आहे. मागच्या आठवड्यात फोनवर त्याला मिरबातच्या प्रश्नाची आठवण करून दिली आणि सांगितले की मी तेव्हा चुकीचे उत्तर दिले होते. आपण इथे होतो. ज्यांनी गाव पाडले त्यांच्या रांगेत होतो, आणि त्या रांगेतही शेवटच्या ओळीत, नाव नसलेल्यांत होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सहल कधी आहे? मी येतो."

त्याची जागा मी राखून ठेवली आहे. बाकीच्यांनी आपली नावे महिनाअखेरपर्यंत द्यावीत, म्हणजे बस ठरवता येईल.